अफरंगी वस्तीतली हिरवळ

'लव्हली' हा शब्द ऐकला की आजही माझं डोकं फिरतं. का, ते मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. आता लिहून टाकतो.

नव्वदच्या दशकात परदेशात, हेन्डरसन नावाच्या उपनगरातल्या एका वृद्धाश्रमात मी म्हाताऱ्यांना अंघोळ घालायचो, त्यांची दाढी करायचो. पुण्यात मी डॉक्टर होतो. इथे ती डिग्री चालत नव्हती. माझ्यासोबत काम करणारा एक इजिप्तचा सर्जन होता, सुवेझ कालव्याकाठच्या इस्माइलियाचा. आम्ही एकमेकांना 'डॉक्टर' म्हणायचो, कारण दुसरं कुणी म्हणत नव्हतं.

चादरी बदलता बदलता तो त्याचं शहर सांगायचा. कालवा खणणाऱ्या कंपनीने ते वाळवंटात वसवलं. खणायला शेतकरी धरून आणले. कित्येक तिथेच मेले. साहेबांसाठी मात्र नाईलचं गोडं पाणी, झाडं, बंगले. त्या भागाला अजून 'अफरंगी' वस्ती म्हणतात.

"फिरंगी! अरे, हा तर आमचा शब्द!"

"तुम्ही ढापलेला," तो म्हणाला. "आमच्याकडे आंब्याच्या एका जातीला 'हिंदी' म्हणतात, ते आम्ही ढापलं. फिटंफाट."

"हापूस खाल्ला असतास तर असं बोलला नसतास, डॉक्टर."

मीही थापा मारायचो. पुण्यात कॅम्पात वाढलो, सावलीचे रस्ते, बंगले, वगैरे. खरं तर वाढलो कॅम्पाच्या पलीकडे, चाळीत. बंगल्यांच्या फाटकातून आत बघत शाळेत जायचो. आणि त्या बंगल्यांचं मी ऐटीत सांगत होतो, ज्याच्या आजोबांनी अफरंगी हिरवळीला जन्मभर पाणी घातलं त्या माणसाला!

एप्रिलमध्ये सैनिकांच्या स्मृतिदिनाला आश्रमात चहापान असायचं. आश्रमातले एक आजोबा दुसऱ्या महायुद्धात इस्माइलियाच्या लष्करी छावणीत होते, म्हणून मॅनेजरबाईंनी माझ्या मित्राला शहराविषयी बोलायला सांगितलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बागा, तळं, एवढंच हं. लव्हली ठेवायला सांग त्याला."

मी निरोप पोचवला. पोस्टमनसारखा.

"तूसुद्धा?" एवढंच तो म्हणाला.

त्याने बागांपासूनच सुरुवात केली. म्हणाला, माझ्या आजोबांनी ती हिरवळ जगवली, पण तिच्यावर बसायची त्यांना मुभा नव्हती. ब्रिटिश रणगाड्यांनी पोलिसांच्या बराकीवर गोळे टाकले, आत पोलिसांकडे जुन्या बंदुका होत्या. पुढे इस्रायलशी युद्ध पेटलं आणि सगळं शहर रिकामं करावं लागलं. त्याचं कुटुंब कितीतरी वर्षं परगावी, एका शाळेच्या खोलीत राहिलं. "आम्ही परत आलो तेव्हा आमच्या दारात..."

"चोर लेकाचे!" छावणीवाले आजोबा खुर्चीतून गरजले. "तंबूतून माझे बूट पळवले या गिप्पोंनी! ते सांग की!"

सगळे हसले. बाई माझ्याकडे बघत होत्या. आणि मी, ज्याला 'गिप्पो' ही इजिप्तच्या लोकांना दिलेली शिवी आहे हे पक्कं ठाऊक होतं, तोही हसलो. वर म्हणालो, "डॉक्टर, चहा गार होतोय."

तो खाली बसला.

बाईंचा राग येतो. बुटांसाठी अख्खं शहर चोर ठरवणाऱ्या त्या म्हाताऱ्याचा येतो. कुणाच्या घामावर गवत वाढलं ते न विचारता 'लव्हली' म्हणणाऱ्या प्रत्येकाचा येतो. पण त्याला थांबवलं कुणी? ओरडणाऱ्या म्हाताऱ्याने नाही. माझा मित्र तर पुढचं सांगायला तोंड उघडत होता. थांबवलं मी. दारात काय दिसलं, ते मला आजतागायत माहीत नाही.

कपबशा धुताना मी म्हटलं, "डॉक्टर, ऐक ना..."

"टॉवेल द्या, मिस्टर," तो म्हणाला. मग तो तिथे होता तोवर मी मिस्टरच राहिलो.

दुसऱ्या दिवशी आजोबांच्या दाढीचा फेस काढत होतो. डोळे मिटून ते म्हणाले, "तुझा मित्र फार मनाला लावून घेतो बुवा. तू बरा आहेस. तू तसला नाहीस."

वस्तरा माझ्या हातात होता.

"थँक यू," मी म्हणालो.