ओसीच्या आधी उतू गेलेलं दूध

आधीच सांगून टाकते, भूतखेत, बाहेरची बाधा असलं काही मी मानत नाही. आमच्या शेणवे गावात अमावस्येला कोणी नवी गाडी घरी आणत नाही. मी मुद्दाम त्याच दिवशी स्कूटी आणली. आईनं अबोला धरला, बाकी काही झालं नाही. त्यामुळे पुढचं वाचून कोणी हसलं तरी चालेल... मीही हसले असते.

मी वाशिंदला एका बिल्डरच्या ऑफिसात आहे. फ्लॅटच्या चाव्या, फायली आणि लोकांची बोलणी खाणं, सगळं माझ्याकडे. आमची एक बिल्डिंग तयार होऊन नुसती उभी होती, कारण भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, येत नव्हती. ओसीशिवाय ताबा द्यायचा नाही हा नियम. तो मी इतक्या जणांना ऐकवलाय की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन.

तिसऱ्या मजल्यावरचं एक रूम-किचन हिरामावशीचं. ती माझ्या आईच्या माहेरची, म्हसा गावची, म्हणून मावशी. नवरा लवकर गेला. कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटून तिनं सविताला, तिच्या एकुलत्या एक मुलीला, वाढवलं आणि जन्मभर भाड्याच्या खोल्या बदलल्या. हे तिच्या नावावरचं पहिलं घर. कामावरून सुटली की ती अधूनमधून ऑफिसात डोकवायची.

"चावी दे गो जरा. राहाया नाय येत आमी. ओट्यावर दूध उतू घालवते नि लगेच कुलूप लावते."

"मावशी, ओसी आल्याशिवाय नाय जमायचं. सरकारी साहेब पाहणीला आले नि कोणी राहायला आलंय असं दिसलं, तर सगळ्यांचंच अडकेल."

"येवढ्याशा दुधानं?"

"पुढच्या महिन्यात नक्की."

हा पुढचा महिना मी तिला किती वेळा दिला, आठवत नाही. आणि खरं सांगायचं तर खालच्या गाळ्यात आमच्या बिल्डर शेठच्या साडूनं केव्हाच आपला माल आणून टाकला होता. त्याला चावी मीच दिली होती, वर चहाही पाजला होता. नियम मला फक्त मावशीसमोर आठवायचा.

थंडीत तिला ताप आला. साधा ताप म्हणता म्हणता छातीत उतरला आणि मावशी गेली. मी मातीला गेले. सविता माझ्या गळ्यात पडून रडली. मी नुसती तिची पाठ थोपटत राहिले.

त्यानंतर लगेचच पाहणीचा दिवस ठरला. त्या सकाळी साहेब यायच्या आधी मी एकेक फ्लॅट उघडून बघत होते. गाळ्यातला माल आदल्या दिवशीच हलवला होता. मावशीचं दार उघडलं आणि... दुधाचा वास. उतू जाऊन जरासं करपलं की येतो ना, तोच.

ओट्यावर दूध सांडलेलं होतं. मधे फेस, कडेला धरलेली साय, आणि ओघळ खाली फरशीपर्यंत. बोट लावलं तर गरम! शेगडी नाही, पातेलं नाही, गॅसचं कनेक्शन तर कुणालाच मिळालेलं नव्हतं. खिडक्या आतून बंद. कुलूप आत्ताच मी उघडलेलं, आणि त्याच्या सगळ्या चाव्या एकाच जुडग्यात, माझ्या पर्समध्ये.

जिन्यातून वॉचमनला हाक मारली, "दादा, वर कोणी आलेलं का?"

"कोन नाय ताय. रंगारी पन म्हशाच्या जत्रंला गेलेत."

भीती वाटली का, असं लोक विचारतील. नाही वाटली. कोण येऊन गेलं ते मला तिथल्या तिथे कळलं होतं. आणि तरीही डोक्यात पहिला विचार आला तो हा, की साहेब हे बघतील. तेवढ्यात खाली गाडी थांबल्याचा आवाज आला.

कोपऱ्यात रंगाऱ्यांची पुट्टी लावायची पट्टी पडली होती, तिनं मी ते दूध खरवडलं. साय निघेना म्हणून नखांनी काढली. ओढणीनं फरशी पुसली, वास जावा म्हणून खिडकी उघडली. मी रडत होते, पण हात काही थांबत नव्हते. साहेब आत आले, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "इथे कोणी राहत नाही ना?"

"नाही साहेब. कोणीच नाही."

ओसी आली. शेठनं पेढे वाटले, माझा मी वॉचमनला दिला. माझा नवरा म्हणतो, कुणीतरी कामगारानं चहा केला असेल. बंद घरात? शेगडीशिवाय? बरं, मग दूध गरम कसं?

ताब्याच्या दिवशी सविता मला हाताला धरून वर घेऊन गेली. तिनं ओट्यावर नवी शेगडी मांडली, पातेलं ठेवलं. दूध वर येऊ लागलं तसं तिला रडू फुटलं.

"ताई, आईच्या हातनं एकदा उतू गेलं असतं ना, तर मला काय वाटलं नसतं गो. तिची तेवढीच इच्छा राहिली."

राहिली नव्हती. मी सांगायला तोंड उघडलंसुद्धा... पण मग त्या दुधाचं पुढे काय झालं, तेही सांगावं लागलं असतं. पातेल्यातलं दूध उतू गेलं, ओट्यावर पसरलं. सविता पदरानं डोळे पुसत माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "गॅस बंद कर गो, झालं."