डॉक्टरांना सांगितलेला गॅस

मैत्रिणींनो, दुपारपासून एक गोष्ट मनातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

मी उधव्याजवळच्या एका पाड्यावर आशा सेविका आहे. आज जानकीबायला जुन्या खोकल्यासाठी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "चुलीवर रांधता का?"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाय, गॅसवर."

तिच्या लुगड्याला धुराचा वास येत होता. तिचा सिलिंडर एकदा संपला तो पुन्हा भरलाच नाही, आता त्यावर तांदळाचा डबा असतो. तरी मी गप्प बसले. डॉक्टरांनी कागदावर "धूर नाही" लिहिलं आणि दुसऱ्याच आजाराच्या तपासण्या सांगितल्या.

परतताना जीपमध्ये मी विचारलं, "खोटं का बोललीस गं?"

"ताई, तूच सांगलास ना, कोणी इचारला तर गॅसच सांगायचा."

खरंय. गाव धूरमुक्त जाहीर करायचं म्हणून वरून फोनावर फोन येत होते. साहेब पाहणीला येण्याआधी मीच घरोघरी बायकांना पढवलं होतं.

उद्या तिला घेऊन पुन्हा जाणार आहे, खरं सांगणार आहे. माझं काय व्हायचं ते होवो. पण पाड्यावर खोकणाऱ्या बाकीच्या बायका?

तुमच्या गावात, कोणी विचारलं तर काय सांगायचं ठरलंय?