गाडीच्या तोंडावरची काच

गॅरेजमध्ये किस्से का साठतात, तर काम झालं की गाडी निघून जाते आणि किस्सा तिथंच राहतो. आमच्या बापूच्या गॅरेजमध्ये तर कामच होत नाही, त्यामुळे गाड्याही राहतात आणि किस्सेही!

पिंपरीजवळ काळेवाडीत मेन रोडच्या आतल्या बाजूला पत्र्याची शेड आहे, तेच गॅरेज. बापू मूळचा मावळातला. ज्यांच्या कंपन्या कधीच बंद पडल्या अशा जुन्या मोटारसायकली इकडं फक्त तोच हातात घेतो, आणि एकदा घेतल्या की सोडत नाही. गाडी कधी मिळेल असं विचारलं की ठरलेलं उत्तर, "उद्या!" आमच्या कंपनीतल्या एकाने त्याच्याकडे नोकरीत असताना गाडी टाकली होती. ती मिळाली तेव्हा तो रिटायर होऊन गावी गेला होता.

आम्ही जमतो गुरुवारी. मी चाकणला पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीत आहे, संतोष तिथंच लाइन सुपरवायझर. तिसरा निखिल, वाकडचा, आयटीवाला. त्याचं गुरुवारी वर्क फ्रॉम होम असतं, फक्त ते होम काळेवाडीत असतं.

आमच्या पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांना सुट्टी गुरुवारी. आणि कंपन्या बंद म्हणून वीजवाले दुरुस्तीसाठी लाइटही गुरुवारीच घालवतात! म्हणजे ज्या दिवशी आम्हाला वेळ, त्याच दिवशी बापूचा ग्राइंडर बंद. अशा मुहूर्तावर आम्ही संतोषच्या वडिलांची गाडी खोलायला घेतली.

* * *

आधी स्टुलाचा किस्सा सांगतो.

आमच्या कंपनीत जागेला शिस्त लावायची पद्धत आहे. जमिनीवर पिवळे पट्टे, प्रत्येक पान्ह्याची जागा ठरलेली, आणि जी वस्तू नको असेल तिला लाल टॅग. टॅग लागला की वस्तू लाल चौकोनात, आणि चौकोनातून थेट भंगारात. मी आणि संतोषने ही शिस्त बापूच्या गॅरेजला लावली. सुट्टीच्या दिवशी माणसं नाटकाला जातात, सिनेमाला जातात. आम्ही दुसऱ्याच्या गॅरेजात जमिनीवर पट्टे मारत होतो.

बापू म्हणाला, "माज्या बापाची शेड हाय ही. मला म्हाईत न्हाई का कुटं काय हाय?"

पण भंगारवाल्याला पद्धत फार आवडली. त्याला आता बापूशी घासाघीस करावी लागेना. यायचं, लाल टॅग बघायचा, उचलायचं, जायचं.

एकदा निखिलने गंमत म्हणून बापूच्या बसायच्या स्टुलाला लाल टॅग बांधला. बापू चहा पिऊन परत आला तर स्टूल गायब! तेव्हापासून तो ऑइलच्या उलट्या डब्यावर बसतो आणि निखिलकडे बघून दर गुरुवारी म्हणतो, "पुडच्या टायमाला मलाच टॅग बांधा भावा, म्हंजे सुटंन एकदाचा."

* * *

आता संतोषची गाडी.

त्याचे वडील, आप्पा, लातूरकडून तरुणपणी इकडं आले आणि पिंपरीच्या एका कंपनीत टर्नर म्हणून चिकटले. आई संतोष कॉलेजात असतानाच गेली. गेल्या काही वर्षांत आप्पांना एकेक विसरायला व्हायला लागलं. आधी चष्मा, मग रस्ता, मग सून. मागच्या दिवाळीत फराळ करता करता त्यांनी संतोषलाच विचारलं, "तुमी कोणाकडं आलात?"

संतोषने हे आम्हाला हसत सांगितलं. आम्हीही हसलो. मग निखिल चहा सांगायला उठला.

डॉक्टर म्हणाले, जुन्या ओळखीच्या वस्तू दाखवत चला. आप्पांची जिवाभावाची वस्तू एकच, ती मोटारसायकल. सोसायटीच्या जिन्याखाली कापड घालून वर्षानुवर्षं उभी होती. घरात तिचा एक फोटो आहे. नवीकोरी गाडी, हँडलला हार, चाकाखाली लिंबू, शेजारी भांग पाडून उभे आप्पा. गाडीचं तोंड स्वच्छ, मोकळं, गोल हेडलाइट.

जिन्याखालच्या गाडीला मात्र फेअरिंग होतं. म्हणजे गाडीच्या तोंडावर बसवतात तो फायबरचा मोठा मुखवटा, वरती वाकवलेली काच. कंपनीचं नव्हे, नंतर बाहेरून आणून बसवलेलं. दिसायला भयाण!

"हे काढायचं," संतोष म्हणाला. "अगदी फोटोतल्यासारखी करायची आणि मग दाखवायची. गाडी ओळखली तर मलाही ओळखतील, राव."

आमच्या धंद्यात अर्धवट माल कोणी पुढं करत नाही. फायनल इन्स्पेक्शन झाल्याशिवाय पीस बाहेर जात नाही. आहे तशीच गाडी आधी एकदा आप्पांना दाखवून बघू, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

* * *

फेअरिंग निघेना. बोल्ट गंजलेले, आटे गेलेले, पान्हा लावला की नुसता गोल फिरायचा.

मग आम्ही कंपनीत करतो तेच केलं. भोवती उभे राहिलो आणि कारणाचं कारण शोधायला लागलो. बोल्ट का निघत नाही? गंजलाय. का गंजला? पाणी शिरलं. पाणी का शिरलं? वॉशर नाही. वॉशर का नाही?

बापू डब्यावरून उठला. "आरं, बोल्ट काडायचाय का त्येला नोकरीवर घ्यायचाय?"

त्याने छिन्नी घेऊन गंज खरवडला, तर खाली वेगळंच निघालं. बोल्टांच्या डोक्यांना वेल्डिंगचे टाके मारलेले! म्हणजे ज्याने बसवलं त्याने परत कधी निघू नये म्हणूनच बसवलं होतं.

बापू भडकला. "कुनी बसवलं रं ह्ये? कोन येडा व्हता त्यो?"

"आप्पांनीच," संतोष म्हणाला. "सुट्टीच्या दिवशी कंपनीतल्या मित्राकडून वेल्डिंग करून घेतलं होतं म्हणे. मी लहान होतो, मला काही आठवत नाही."

बापूने हातोडी उचलली.

* * *

वेल्डिंग तोडायला ग्राइंडर हवा, आणि गुरुवारी लाइट नाही. त्यामुळे छिन्नी-हातोडीने एकेक टाका फोडत बसलो. बोल्ट धरायला निखिल. त्याचं त्याच वेळी परदेशातल्या क्लायंटबरोबर कॉल चालू. कानात इअरफोन, मांडीवर लॅपटॉप, हातात पक्कड.

पठ्ठ्या म्यूट करायला विसरला!

बापू ओरडतोय, "मान धर त्येची! दाबून धर! आता हान, अजून हान, जीव जाईस्तवर हान!"

दोन मिनिटांनी मॅनेजरचा मेसेज आला, 'घरी सगळं ठीक आहे ना? हवं तर आज सुट्टी घे.'

निखिलने सुट्टी घेतली.

* * *

फेअरिंगच्या आतल्या कडेला, बसणाऱ्याच्या बाजूने, सायकलची ट्यूब कापून चिकटवलेली सापडली. दुहेरी घडी घालून, सुबक, अगदी कडेकडेने.

"हे कशाला?" निखिलने विचारलं.

क्वालिटीतला माणूस मी. मला माहीत नाही असं म्हणायची सवय नाही. मी म्हणालो, "व्हायब्रेशन. फायबर थरथरतं ना, ते कमी करायला."

"पण व्हायब्रेशनला रबर बोल्टापाशी लागंल," बापू म्हणाला. "हितं तर कायच न्हाई. मोकळी कड हाय नुसती."

मी म्हणालो, "तेव्हा लोकांना एवढं कळत नव्हतं."

सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि विषय संपला.

* * *

हेडलाइट मात्र ओरिजिनलच हवा होता. फेअरिंग बसवताना जुना काढून टाकलेला. निखिलने इंटरनेटवर शोध शोध शोधला. शेवटी दिल्लीचा एक जुन्या पार्टचा व्यापारी सापडला. "सर, अस्सल माल आहे, शेवटचा पीस!" आठवडे गेले, पार्सल वाटेत दोनदा हरवलं, संतोष रोज फोन करायचा.

पार्सल आलं. आम्ही आरतीला जमावं तसे जमलो. हेडलाइट उलटा करून बघितला तर मागं बारीक अक्षरात छापलेलं, भोसरी!

आमच्या गॅरेजपासून भोसरी रिक्षाने किती मिनिटांवर, ते इथल्या कोणालाही विचारा.

* * *

मधल्या काळात आप्पा एकदा घरातून नाहीसे झाले.

संतोषची बायको सुनीता दळण आणायला खाली गेली, तेवढ्यात दार उघडून गेले. संतोष शिफ्टवरून पळत आला. काळेवाडी, चिंचवड स्टेशन, देवळं, दवाखाने, सगळं पालथं घातलं. आप्पा सापडले पिंपरीत, त्यांच्या जुन्या कंपनीच्या गेटवर. म्हणजे जिथं गेट होतं तिथं. कंपनी कधीच पाडली, आता तिथं टॉवर आहेत.

वॉचमनने त्यांना खुर्ची दिली होती. तो संतोषला म्हणाला, "मी विचारलं, काका, कुठला फ्लॅट? तर म्हणतात, लेथ नंबर चार!"

हा किस्सा आम्ही बऱ्याच जणांना सांगितला. लोक हसतात. संतोषसमोर आम्ही तो सांगत नाही. त्या दिवशी रिक्षात बसवताना आप्पांनी त्याला रिक्षावाला समजून पत्ता सांगितला होता, आणि तो अख्खा रस्ता रिक्षात त्यांच्या शेजारी बसून रडत होता.

"लवकर करा रे," तो बापूला म्हणाला. "गाडी लवकर करा."

"उद्या," बापू म्हणाला. पण तेव्हा तो डब्यावरून उठून छिन्नीला धार लावायला लागला.

* * *

शेवटी फेअरिंग निघालं! शेवटचा टाका फुटला आणि ते सगळं धूड संतोषच्या हातात आलं. खाली ती फोटोतली गाडी. आम्ही शिट्ट्या मारल्या. बापूने पेढे मागवले.

आणि पेढा तोंडात असतानाच संतोषने सवयीने खिशातून लाल टॅग काढला, फेअरिंगला बांधला आणि लाल चौकोनात नेऊन ठेवलं. टॅगवर कारण लिहायची जागा असते. त्याने लिहिलं, 'गरज नाही'.

पुढच्या गुरुवारी आप्पांना रिक्षाने आणलं. सुनीताने त्यांना इस्त्रीचा शर्ट घातला होता, भांग पाडला होता, अगदी फोटोतल्यासारखा. आप्पांनी गाडीभोवती चक्कर मारली. टाकीवर बोटांनी टकटक केलं. झाकण उघडून पेट्रोलचा वास घेतला. संतोष त्यांच्या मागून मागून फिरत होता. आम्हीही.

"चांगली ठिवली," आप्पा म्हणाले. "कोणाची हाय?"

"तुमची, आप्पा."

आप्पा परक्या माणसाशी हसावं तसं हसले. "नाही हो. आमच्या गाडीला तोंडावर काच हाय. मीच बसवली."

संतोष वळला. लाल चौकोन रिकामा होता.

आम्ही भंगारवाल्याच्या गोडाऊनला धावलो. तो बिचारा घाबरला. "भाऊ, टॅग होता ना लाल! आणि फायबर पुढं कोणी घेत नाही. फोडून कचऱ्याच्या गाडीत टाकलं."

संतोष परत आला आणि लाल चौकोनात खाली बसला. "फोटो पहिल्या दिवसाचा होता रे," एवढंच म्हणाला. माझ्या खिशाला टॅग लिहायचं पेन लावलेलं होतं, ते मी काढून आत लपवलं.

नवीन फेअरिंग कुठं मिळतंय का ते आम्ही अजून शोधतोय. भोसरीतही विचारून झालं.

* * *

आता शेवटचा. हा मागच्याच गुरुवारचा.

आप्पांना गॅरेज आवडलं, म्हणून संतोष त्यांना हल्ली बरोबर आणतो. ते बापूच्या डब्यावर बसतात, आणि बापू उभा राहतो. त्या दिवशी संतोष गाडीखाली वाकून चेन घट्ट करत होता, हात कोपरापर्यंत काळे. आप्पा उठले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मिस्त्री, झाली का गाडी?"

निखिलने लॅपटॉप मिटला. संतोषने आमच्याकडे बघितलं. मग तो हळू आवाजात म्हणाला, "उद्या मिळेल, काका."

"मागं पण उद्याच म्हणले तुमी."

"उद्या नक्की."

"बरं. बाकी काही राहिलं तर राहू द्या. काच तेवढी पक्की बसवा, वेल्डिंग मारून. अन् आतल्या कडंला रबर लावायचं इसरू नका."

संतोषच्या हातातला पान्हा तसाच राहिला. "रबर कशाला, काका?"

"लेकरू बसतंय ना माझं पुढं, टाकीवर. काच नसली की वारं शिरतं त्याच्या कानात, रातभर रडतंय. अन् ब्रेक मारला की कपाळ आपटतंय कडंला."

"लावतो," संतोष म्हणाला.

"लावा. अन् जरा हात उचला, मिस्त्री." आप्पा रस्त्याकडे बघत होते. "शाळा सुटली असंल. संतोष फाटकापाशी उभा राहिला असंल माझा."