बावीस नावांची चादर

राहनाळच्या केसरीनाथशेठला कुठलाही मजकूर लिहायला सांगा, तो लग्नपत्रिकाच लिहायचा. वास्तुशांत असो की गोडाऊन भाड्याने देण्याचा बोर्ड. वर देवी, खाली भाऊ, मेहुणे, साडू, आणि उरलीच जागा तर मुद्दा. नाव गळलं की माणूस रुसतो, आणि रुसलेला माणूस हळदीला येत नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं.

दोन हजार आठ साली त्याच्या सुनेने, उन्नतीने, इंटरनेटवर चादरी विकायचं काढलं. माल ओळखीच्या लूमवरचा, जागा सासऱ्याच्या गोडाऊनमधला कोपऱ्यातला गाळा. शेठने गाळा दिला, पण गणपतीपर्यंतच. तोवर चादरी खपल्या नाहीत तर गाळा भाडेकरूला आणि सून पुन्हा चुलीपाशी. कॉम्प्युटरचा कोर्स करून आलेल्या उन्नतीला या विचारानेच धडकी भरायची.

त्यात जाहिरातीचा मजकूर शेठने स्वतःच सांगितला. तिने तो जसाच्या तसा इंग्रजी अक्षरांत टाइप केला. सुरुवात 'एकवीरा आई प्रसन्न', मग बावीस नावं, शेवटी 'आपल्या आगमनाची वाट पाहतो'. फोटोत शेठ पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात सोन्याची साखळी, हात जोडून उभा. चादर त्याच्या मागे, दिसेल तेवढी. लांबी-रुंदी, कापड, रंग, कशाचाच पत्ता नाही.

महिना गेला, एक चादर हलली नाही. नागपूरच्या एका बाईंनी तेवढं विचारलं की चादर डबल बेडची आहे का. शेठचं डोकं फिरलं. एवढी नावं वाचूनही विश्वास बसत नसेल तर त्या बाईने जमिनीवर झोपावं, असं त्याचं म्हणणं पडलं.

गणपतीला पंधरा दिवस उरले तेव्हा उन्नतीने मोजायची टेप हातात घेतली. चादर पलंगावर अंथरून फोटो काढला. लिहिलं: नव्वद बाय शंभर इंच, सुती, सोबत दोन अभ्रे, पहिल्या धुण्यात रंग जातो, वेगळी धुवा. रंग जातो हे लिहिताना तिचा हात अडखळला. बावीस नावं पुसताना मात्र अजिबात नाही.

नागपूरच्या बाईंनी दोन चादरी घेतल्या आणि खाली लिहिलं, 'जसं सांगितलं तसंच निघालं.' मग माल जो सुटला, तो गणपतीच्या आदल्या दिवशी शेवटचा गठ्ठा संपला. ते वाक्य शेठने सुनेकडून दोनदा वाचून घेतलं. एवढ्या पत्रिका छापल्या, पण असं त्याला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. ते त्याला लागलंही आणि आवडलंही.

दर्शनाला अंबाडी गावचा मेहुणा रामू आला तो गाल फुगवूनच. इंटरनेटवरून आपलं नाव कुणी उडवलं, हे त्याला आधी कळायला हवं होतं. शेठने खिशातून गाळ्याची किल्ली काढली आणि सुनेच्या हातात दिली.

"गाला आता तिचा हाय. नाव घालाचा का न्हाय, तिला इचार."

रामू तिच्याकडे वळला. उन्नतीने मोदकांचं ताट पुढे केलं.

"घालते ना, मामा. लांबी-रुंदी सांगा. आणि धुतल्यावर रंग जातो का, तेपण."