पाथरीचं मार्केट मी कसं मारलं

हसणार असाल तर आधीच सांगा, म्हणजे मी चहाचा कप खाली ठेवतो. कारण ही फजिती मी लय डोकं लावून, स्वतःच्या हातानं करून घेतलेली आहे.

मी कॉलेज सोडलं. नापास झालो नाही, सोडलं! आता आमच्या घरात कॉलेज सोडणं म्हणजे काय, विचारूच नका. दोन्हीकडच्या आजोबांनी मजुरी करून पोरं शिकवली. त्यातून काका पाथरीला कारकून झाला, मामा सेलूला मास्तर झाला. अन् नोकरी लागल्या दिवसापासून दोघांनी जे शिकणं बंद केलं, ते आजतागायत बंद! पण मला शिकवायला दोघं कायम तयार. काका तर जयभीमच्या आधी विचारणार, "फॉर्म भरला का?"

एक दिवस दोघं ठरवून घरी आले.

"मग आता करणार काय तू?" काका म्हणाला.

"आईचं येसर विकणार. मोबाइलवरून."

येसर माहीत आहे ना? धान्य, डाळी अन् मसाले भाजून दळलेलं पीठ. आमच्याकडं लग्नाची आमटी त्याच्याशिवाय होतच नाही. अन् आईच्या हातचं येसर म्हणजे, भाजायला घेतलं की देवगाव फाट्यावरची माणसं वास घेत उभी राहतात. बरं, फाटा लांब आहे. पण राहतात.

"घेणार कोण?" मामा हसला. "आमीच ना शेवटी?"

डोकंच फिरलं माझं. "तुमची एक पुडी नको! नातेवाइकांशिवाय धंदा उभा करून दाखवतो. दिवाळीपर्यंत न्हाई जमलं तर गुपचूप कॉलेजात जाऊन बसतो!"

"शब्द?"

"शब्द!"

झालं. त्याच दिवशी मी स्टेटस टाकायला सुरुवात केली. पण आधी या दोघांचा बंदोबस्त. रोज माझं स्टेटस बघून फोनवर अक्कल शिकवणार, कोण ऐकून घेणार? मोबाइलच्या सेटिंगमध्ये गेलो, काकावर टिक, मामावर टिक, विषय संपला. आता सगळं जग बघणार, ही दोन माणसं सोडून!

निळी टिक तर मी कधीच बंद करून ठेवली होती, काकाचा मेसेज वाचून सोडून दिला हे काकाला कळू नये म्हणून. त्यामुळं स्टेटस कोण बघतंय हे मलाही दिसायचं नाही. पण बघायची गरज काय? खाली आईचा नंबर दिला होता. आईचा साधा बटणांचा फोन. ती ऑर्डर घ्यायची, मी फाट्यावर जाऊन जीपवाल्याच्या हाती पुड्या द्यायचो.

पहिले काही दिवस सामसूम. मग एकदा वैतागून लिहिलं, "आमच्यात एक मास्तर आहे. तो वर्गात घोरतो अन् पोरं त्याला उठवत नाहीत, कारण उठला तर शिकवतो. त्यालाही जाग येईल असं झणझणीत येसर!"

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "पाथरीहून मागणी आलीय रे. लय पुड्या सांगितल्यात."

मग मी कारकुनावर लिहिलं. "साहेब नुसता खोकला तरी उठून उभा राहणारा आमचा एक नातेवाईक. आमचं येसर खाल्लं तर निदान एकदा तरी बसून बोलंल!"

"आज सेलूहून आलीय," आई म्हणाली.

बघा, इथं माझं मार्केटिंगचं डोकं चाललं! मी निष्कर्ष काढला, पाथरीची जनता मास्तरांना वैतागलीय, सेलूची जनता कारकुनांना. ही गोष्ट कुठल्या कॉलेजात शिकवतात का? मग मी रोज धार वाढवली. मास्तराची ढेरी, कारकुनाचा कंगवा, काही सोडलं नाही. पुड्या खपतच होत्या!

दिवाळीच्या तोंडावर काकाच्या पोरीचा साखरपुडा होता, पाथरीत. मी इस्त्रीचा शर्ट घालून, आईला घेऊन, छाती काढून गेलो. मांडवातच म्हणालो, "काका, धंदा उभा राहिला. पाथरीचं मार्केट मारलं मी! तुमच्या एका पुडीशिवाय!"

काकानं मामाकडं बघितलं. मामानं पाण्याचा ग्लास खाली ठेवला. अन् दोघं असे हसले, असे हसले की पाहुणे जेवायचे थांबले!

"अरे, मास्तर घोरतो ते मी सगळ्या ऑफिसला वाचून दाखवलं," काका डोळे पुसत म्हणाला. "लोकं हसून हसून येसर मागायलेत!"

"अन् साहेबाच्या खोकल्यावर आमची सगळी शाळा खूश हाय," मामा म्हणाला. "हेडसरांनी तर दोनदा नेलं."

"पण तुमाला दिसलं कसं? मी तर तुमच्यापासून लपवलं होतं!"

मामानं माझा मोबाइल घेतला, चष्मा कपाळावर चढवला. "हे बघ. 'हे सोडून सगळ्यांना' असं एक हाय, अन् 'फक्त यांनाच' असं एक हाय. तू कुठं टिक केलीस? पाचवीपासून सांगायलोय तुला, प्रश्न पूर्ण वाच, मग उत्तर लिही!"

म्हणजे सगळं जग सोडून ही दोनच माणसं माझं स्टेटस बघत होती!

"आई, तू तरी सांगायचं ना!"

"तू कधी विचारलंस, कोण हाय म्हणून? तू तर मार्केट मार्केट करत होतास."

घरी येऊन सेटिंग दुरुस्त केलं. दोघं बाहेर, जग आत. झणझणीत स्टेटस टाकलं अन् वाट बघत बसलो. एकच मेसेज आला, वर्गातल्या एका पोराचा. "अरे, तू जिवंत हायस?"

पुडी एकही गेली नाही. शेवटी मीच काकाला फोन लावला. माझं मत बदललं असं समजू नका हं, साहेब खोकला की काका अजूनही उठतोच. पण शब्द दिला होता, दिवाळी दारात होती.

"मामावर लिहू का तुमच्यावर?" मी विचारलं.

"आमचं लय झालं आता," काका म्हणाला. "लोकं कंटाळलेत. तू असं कर, तुझ्यावरच लिही. दोन्हीकडं खपंल."

म्हणून हे लिहिलं. हसला असाल तर आईला फोन करा, नाहीतर सोमवारी मला कॉलेजात बसावं लागंल.