वनिताने लिहायला लावलेलं ‘होय’

आयुष्यात मी मूर्खपणा पुष्कळ केला, पण सगळ्यात मोठा केला तो भर रस्त्यात, गावासमोर, आणि त्यावर टाळ्याही घेतल्या. तेव्हा मी पोरसवदाच होते म्हणा, जेमतेम साठीची. विमानतळात शेतं जाणार म्हणून आम्ही पनवेलला रस्ता अडवला होता. मुलगा जहाजावर नोकरीला, म्हणून नातवाला, नितेशला, मी सोबत नेलं. पोलिसांनी बायकांना सोडून पुरुषांना गाडीत भरलं. साहेब बरा होता. म्हणाला, ‘‘कॉलेजातली पोरं असतील ती उतरा, घरी जा.’’ नितेश उठला, तशी मी खालून ओरडले, ‘‘बस खाली! अटकेच्या यादीत आपल्या घरातलं एक नाव लागलंच पाहिजे!’’ बायकांनी टाळ्या वाजवल्या. नुकतीच अठरा वर्षं पूर्ण झालेला तो पोरगा मुकाट बसला आणि गाडी निघून गेली...

हे आज आठवतंय, कारण नितेशची आई, माझी सून वनिता, गेली. महिना होऊन गेला. कावीळ अंगात भिनली होती, दवाखान्यातून परत आलीच नाही. ती गेली त्या सकाळी नितेशचा फोन आला, ‘‘आजी, आई...’’ मी फोन ठेवला आणि सवयीनं तिलाच हाक मारली, ‘‘वनिता, ऐकलंस का गं?’’

नितेश जामिनावर सुटून आला, त्या दिवशी तिनं त्याला कढत पाणी काढून दिलं, जेवायला वाढलं. मला एक शब्द बोलली नाही. भांडी आपटली असती तरी चाललं असतं. नितेशला फौजेत जायचं होतं, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. नावावर गुन्हा लागला की तिथं काय होतं, हे मात्र मला शहाणीला ठाऊक नव्हतं.

तो खाडीच्या बांधावर पहाटे धावायचा. वनिता दगडावर बसून मोबाईलात वेळ लावायची. ‘‘पाय उचल रे, गाभण म्हशीसारखा काय चालतोस!’’ बांधापलीकडे आमच्याच शेतात विमानतळाच्या भरावाचे डंपर रिकामे होत असायचे. तिनं तिकडे कधी मान वळवली नाही.

भरतीत तो धावण्यात निघाला, छाती-उंचीत बसला, डॉक्टरांनीही पास केलं. मग फॉर्म आला. त्यात विचारलेलं, कधी अटक झाली आहे का? मी लगेच म्हटलं, ‘‘नाय म्हणून लिव. कोण बघतंय?’’

वनिता हसली. ‘‘आये, गाडीत बसवताना सगल्या गावाला दाखवलंत, नि आता कोण बघतंय म्हणता?’’ मग नितेशला म्हणाली, ‘‘होय लिव. चोरी नाय केली आपण. खोटं लिवून गेलास तर कोण कधी बाहेर काढील, या भ्यानं तुला झोप लागायची नाय.’’

त्यानं ‘होय’ लिहिलं. तिथले साहेब नीट बोलले म्हणे, पण केस चालू होती. ती निकाली काढून ये, म्हणाले. मग कोर्टाच्या तारखा सुरू झाल्या. दर तारखेला वनिता डबा बांधून त्याच्याबरोबर जायची आणि दोघं पुढची तारीख घेऊन यायची. तारखांमध्येच भरतीचं वय उलटलं. त्यानंतर सरकारनं आंदोलनाच्या सगळ्या केसेस मागे घेतल्या. पेढे वाटले लोकांनी. आमच्याकडे आलेला पेढा कुणी खाल्ला नाही, मुंग्यांनी नेला.

नितेश आता जासईला कंटेनरचा ट्रेलर चालवतो. बायको-पोरं आहेत, चांगलं चाललंय. पण टीव्हीवर परेड लागली की उठून अंगणात जातो. मी टीव्हीचा आवाज कमी करते. दमले मी आता...

वनितापुढे मात्र एकदा माझा बांध फुटला. पेढ्यांच्याच त्या आठवड्यात. ती दारात बसून बोंबील साफ करत होती. मी म्हटलं, ‘‘पोराचं वाटोळं मी केलं. एकदा शिव्या तरी घाल मला, म्हणजे सुटेन.’’ तिनं मान वर केली नाही, हातातली सुरीही थांबवली नाही. म्हणाली,

‘‘आये, कालवणातला मोठा तुकडा तुमचा, पंख्याखालची जागा तुमची, आता चूक पण सगली तुमचीच काय? गाडीत तुमी बसवलात, खरं मी लिवायला लावलं. माझी अर्धी माझ्याकडं राहू द्या.’’