मी डॉक्टर नाही, दादा

मुदखेड जंक्शनवर मला सोडायला माझे वडील, म्हणजे दादा, माय आणि गल्लीतली सात-आठ माणसं आली होती. इथून हैदराबाद, तिथून विमानाने आयर्लंड. दादांनी रेल्वेत रुळांची देखभाल करणारा गँगमन म्हणून उभी हयात घालवलेली, त्यामुळे फलाटावर जो तो त्यांच्या ओळखीचा. त्यांच्या एका जुन्या साहेबांनी विचारलं, "पोरगी कुठं निघाली?"

दादा ताठ झाले. "परदेशात. डॉक्टर हाय ती."

मी शेजारीच उभी होते. मी नर्स होते आणि नर्स म्हणूनच निघाले होते. पण गाडी दिसायला लागली, लोकांनी बॅगा उचलल्या, आणि मी काही बोलले नाही.

बारावीनंतर मी डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेसाठी दोन वर्षं लातूरला होते. सकाळी क्लास, दुपारी मेसची पातळ डाळ, संध्याकाळी टेस्ट. एका खोलीत आम्ही चौघी, चौघींच्या घरी चार आशा. दोन्ही वर्षी माझे मार्क कमी पडले. मग नांदेडला नर्सिंगला नंबर लागला, तेव्हा दादा म्हणाले, "नर्सिंग म्हंजी अर्धी डॉक्टरकीच की." उरलेली अर्धी त्यांनी आणि गल्लीने मिळून पुरी करून टाकली.

आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातल्या हॉस्पिटलात मला स्ट्रोकचा वॉर्ड मिळाला. लकवा मारलेली माणसं. त्यांना घोट गिळायला, उठून बसायला, स्वतःच्या हाताने चमचा धरायला पुन्हा शिकवायचं. सुरुवातीला वाटायचं, हे काय काम! वर्षभरात कळलं की हेच आपल्याला जमतं, आणि आवडतंही. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने तीन आठवड्यांनी बायकोला तिच्या नावाने हाक मारली, त्या दिवशी मी बसस्टॉपवर उभी राहून एकटीच हसत होते.

हे मात्र मी घरी कधी सांगितलं नाही. घरी फोटो पाठवायचे. फोटो काढताना छातीवरचा 'स्टाफ नर्स'चा बिल्ला उलटा फिरवायचे आणि गळ्यात स्टेथोस्कोप राहील एवढं बघायचे. शिवाय नावापुढे काहीतरी मोठं लागावं म्हणून एका लांबलचक कोर्सचा फॉर्म भरत बसले होते. त्यातल्या एकाही विषयाची मला गोडी नव्हती.

चौथ्या वर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आठवड्यात सुट्टी घेऊन घरी आले. तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या वत्सलामामी ओरडत आल्या. "डॉक्टरीणबाई, आवो चला लवकर! मालकाला काय झालंय बघा!"

किशनमामा खाटेवर कलंडले होते. चहा अंगावर सांडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लोंबकळत होता. कोणीतरी त्यांच्या तोंडाला पाण्याचा तांब्या लावत होतं. तो मी आधी बाजूला केला.

"मामी, किती वाजता झालं?"

"आत्ताच. साडेसातच्या बातम्या लागल्या तवा."

लोक जीप आणायचं बोलू लागले, तेवढ्यात दादा पुढे झाले. "कशाला जीप? माझी लेक हाय ना डॉक्टर. सुजे, दे एक इंजेक्शन."

सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती. दादांच्या चेहऱ्यावर मुदखेडच्या फलाटावरचाच आनंद होता.

"दादा, मी डॉक्टर नाही," मी म्हणाले. "नर्स आहे. मामांना लकवा झालाय. यांना आत्ताच्या आत्ता नांदेडला न्यायचंय, स्कॅन करायचाय. एक-एक मिनिट जातंय."

माणसं दादांकडे बघू लागली. मग मामीच किंचाळल्या, "आरं, जीप आणा की!"

मी मामांना कुशीवर धरून जीपमध्ये बसले. वेळेत पोचलो. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो, कधी सुरू झालं हाच, आणि मला नेमकी वेळ सांगता आली. मामा वाचले. पाय चालू लागला, हात अजून अर्धामुर्धाच.

घरी आले तर दादा भिंतीकडे तोंड करून पडले होते. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी मायजवळ कुरकुर केली. ती भाकरी थापताना मान वर न करता म्हणाली, "खोटं ते बोलले, गप तू बसलीस. दोघायचं सारखंच हाय."

तिसऱ्या दिवशी दादा स्वतःच माझ्याजवळ येऊन बसले.

"पोरी, मला लोकं 'ए एकनाथ' म्हणायचे. माझ्याहून ल्हान पोरंबी. तू डॉक्टर झाली म्हणल्यावर 'या गायकवाडसाहेब' म्हणून खुर्ची द्याया लागले. ते सोडवत नव्हतं बघ."

मला राग आणायचा होता, तो आला नाही. मी त्यांना पहिल्यांदाच माझं काम सांगितलं. गिळता न येणाऱ्याला पाणी घट्ट करून कसं पाजायचं, ते. बायकोला हाक मारणाऱ्या त्या शेतकऱ्याचं सांगितलं. दादा नीट ऐकत होते.

"आन् हे करताना तुला बरं वाटतंय?"

"हाव, दादा. लई बरं वाटतं."

"मंग मी काहून रडून राहिलो?" असं म्हणून ते उठले.

मामा घरी आल्यावर मी मामींना शिकवायला गेले. सरळ बसवायचं, हनुवटी खाली, छोटा घास, घाई नाही. दादा मामांना मागून आधार देऊन बसले होते. बघायला आलेल्या एका पाहुण्याने विचारलं, "ह्याच का डॉक्टरीणबाई?" दादांनी पाहुण्याकडे बघितलं. "न्हाई. नर्स हाय," म्हणाले, आणि मामांची मान नीट करत राहिले.

सगळं गोड झालं असं नाही. काहींची 'गायकवाडसाहेब' म्हणायची सवय सुटली. गल्लीतल्या बुद्धविहाराच्या समितीत दादांचं नाव यायचं होतं, ते मागे पडलं. दादांना ते लागलं, आणि ते लागलंय हे त्यांनी मला फोनवर सांगितलंही.

कॉर्कला परतल्यावर कोर्सचा तो फॉर्म मी रद्द केला. वॉर्ड, दर वर्षी एक महिना घर, आणि घरी खरं बोलणं, एवढंच सांभाळायचं ठरवलं. बाकीचं बरंचसं लोकांच्या डोळ्यांसाठी होतं.

माझ्यासारखे बाहेर गेलेले तुम्ही, आणि तुमची वाट बघणारे तिकडचे, दोघांनाही ठाऊक असेल की लांबून आपण एकमेकांना बरे तेवढेच फोटो दाखवतो. मी बरीच वर्षं समजत होते की मी घरापासून आठ हजार किलोमीटर लांब आहे. खरं अंतर त्या उलट्या बिल्ल्याएवढं होतं.

आता रविवारी दादांचा फोन येतो. पगार, हवापाणी, लग्न यांतलं काही ते आधी विचारत नाहीत. पहिलाच प्रश्न असतो, "सुजे, या हप्त्यात कोण उठून बसलं?"

मी नावं सांगते. कोणीच बसलं नसेल, तर तसंही सांगते.